इच्छाशक्तीचा जुलूम

पक्षाघातांतून उठलेल्या माणसाचा सत्कार हा अलीकडे आपल्या सुशिक्षित समाजांत एक लहानसा संस्कारच होऊन बसला आहे. शाल येते, श्रीफळ येतें, आणि अध्यक्षस्थानीं बसलेले गृहस्थ उठून सांगतात कीं, यांनीं केवळ इच्छाशक्तीच्या बळावर रोगावर मात केली. टाळ्या पडतात. त्या टाळ्यांनीं सत्कारमूर्तीचें डोकें बधिर झालेलें असतें व केव्हां एकदां घरीं जाऊन आडवें होतों असें तिला झालेलें असतें, हें मात्र कोणाच्या लक्षांत येत नाहीं. पुढें वर्तमानपत्रांत मथळा येतो, दिवाळी अंकांत लेख येतो, आणि त्या लेखाचें कात्रण दुसऱ्या एखाद्या घरीं, नुकत्याच पडलेल्या रोग्याच्या उशाशीं जाऊन पोंचतें. "वाचा हें. मनांत आणलें म्हणजे माणूस काय करूं शकत नाहीं!" आमचा वाद या वाक्याशीं आहे. हें वाक्य दयाळू तोंडांतून येतें म्हणून आजवर कोणी त्यास हटकलें नाहीं. परंतु आजाराच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत रोग्यावर जितका जुलूम हें वाक्य करितें तितका फार थोड्या गोष्टी करीत असतील, असें आमचें मत आहे व तें आम्ही येथें सकारण मांडणार आहों.

पक्षाघात, ज्याला आमच्या झाडीपट्टींत सरसकट लकवा म्हणतात, हा हातापायांचा रोग नव्हे. तो मेंदूचा रोग आहे. रक्ताची गुठळी अडकून मेंदूच्या एखाद्या भागाचें पोषण बंद पडतें, किंवा रक्तवाहिनी फुटून तेथें रक्त सांडतें. हात लुळा पडणें, तोंड वांकडें होणें, वाचा अडखळणें हीं त्या आंतल्या नुकसानीचीं बाहेर दिसणारीं चिन्हें होत. आतां ज्या इच्छाशक्तीचा एवढा गजर चालला आहे ती राहते कोठें? ती कांहीं कुलदेवतेप्रमाणें देव्हाऱ्यांत वेगळी मांडून ठेवलेली नाहीं. सकाळीं अंथरुणांतून उठावें असें वाटणें, वाटल्यावर उठण्यास आरंभ करणें, आरंभिलेलें तडीस नेणें, मध्येंच लक्ष उडालें तर तें परत आणणें, हे सारे व्यापार त्याच मेंदूचे. आणि इजा झाली आहे ती मेंदूलाच. पाय मोडलेल्या माणसास आपण धांवावयास सांगत नाहीं, कारण त्याचें प्लास्टर आपणांस दिसतें. मेंदूला प्लास्टर नसतें. म्हणून ज्या तिजोरीवर दरोडा पडला त्याच तिजोरींतून दंड भरण्याची आज्ञा आपण रोग्यास निःशंकपणें करितों.

या रोगानंतर येणारा थकवा ही वैद्यकास अज्ञात गोष्ट नाहीं. जगभरच्या पाहण्या एकत्र करून पाहतां सुमारें निम्म्या रोग्यांस तो येतो, असें दिसून आलें आहे. तो दिवसभराच्या कामानें येणारा शीण नव्हे. शीण झोपेनें जातो. हा झोपून उठल्यावरही तसाच अंगावर असतो. घाव लहान असला म्हणजे थकवाही लहान असेल, असाही हिशेब नाहीं. ज्याचा हात पंधरा दिवसांत सुधारला, जो चालूं बोलूं लागला, तोही आंघोळ करून बाहेर येईतों गळून जातो. किंबहुना अशाच माणसाचे हाल अधिक, कारण त्याच्या थकव्यावर कोणाचा विश्वास बसत नाहीं. काठी टेकणाऱ्याला लोक वाट देतात; धडधाकट दिसणाऱ्याला टोमणा देतात. या थकव्यावर हमखास गुण देणारें औषध अद्याप सांपडलेलें नाहीं. मात्र त्यांत भर घालणारीं कारणें पुष्कळ वेळां शोधून काढतां येतात व त्यांवर उपायही करतां येतो: रक्तक्षय, झोपेंत श्वास अडकणें, थायरॉइडचा विकार, रक्तांतील क्षार उतरणें, मनाची उदासीनता, किंवा एखाद्या गोळीचा परिणाम. आमच्या या दोन जिल्ह्यांत तर सिकलसेलचा विकार कित्येक कुटुंबांत वंशपरंपरेनें चालत आलेला आहे. तो रक्तक्षय तर करितोच, पण लहान मुलांना सुद्धां पक्षाघात घडवूं शकतो. अशा टापूंत थकलेल्या रोग्याचें रक्त तपासण्यापूर्वीं त्याचा स्वभाव तपासावयास बसणें, याला काय म्हणावें?

चंद्रपूर शहरांतील एक निवृत्त शिक्षक आमच्या परिचयाचे आहेत. ऐन मे महिन्यांत, ज्या दिवसांत तेथें पारा ४६ अंशांपर्यंत चढतो त्या दिवसांत, एका सकाळीं त्यांचा उजवा हात व वाचा गेली. उपचार लवकर मिळाले. दोन्ही बव्हंशीं परत आलीं. घरीं येतांना हातीं जे कागद मिळाले त्यांत बोटांचे व्यायाम होते, औषधांच्या वेळा होत्या, मीठ कमी करण्याची सूचना होती. थकवा येईल आणि भीति वाटेल, हीं दोन वाक्यें त्यांत नव्हतीं. दोन ओळींची शाई वांचली आणि एका घराची तीन महिन्यांची शांति गेली. मुलगा कर्तव्यदक्ष. त्यानें अंगणांतील फेऱ्यांची वही घातली. काल बारा झाल्या, आज पंधरा झाल्या पाहिजेत. दहाव्या फेरीला गुरुजी ओट्यावर बसले व "पुरे" म्हणाले, तेव्हां मुलगा हंसत म्हणाला, "बाबा, आळस हा माणसाचा शत्रु, असें तुम्हीच वर्गांत सांगत होतां ना?" गुरुजींच्या डोळ्यांतून पाणी आलें. तें पाहून घरच्यांनीं ठरविलें कीं, यांचें मन फार हळवें झालें आहे, आतां यांना अधिक खंबीर केलें पाहिजे. मेंदूला इजा झाल्यावर रडण्या-हंसण्याचा लगामच कित्येकदां सैल होतो, दुःख नसतां डोळे वाहतात व हंसूं नये तेथें हंसूं येतें, हें त्यांना कोणीं सांगितलेंच नव्हतें. आम्ही त्या मुलास दोष देत नाहीं. त्यानें जें वाचलें होतें तें केलें.

आणि भेटीस येणारे! त्यांच्याविषयीं एक स्वतंत्र प्रकरण लिहितां येईल. आपल्याकडे आजाऱ्याला भेटावयास जाणें हें पुण्य आहे, आणि पुण्य एकट्यानें करण्याची आपली रीत नाहीं. चौघे मिळून येतात. एकजण रोग्याशीं बोलतो, दोघे आपसांत बोलतात, चौथ्याचा मोबाइल वाजतो, आणि कोपऱ्यांत दूरदर्शन संच चालूच असतो. निरोगी कान या गोंगाटांतून आपल्याला हवा तो आवाज आपोआप निवडून घेतात. जखमी मेंदूला ही निवड आपोआप जमत नाहीं. त्याला प्रत्येक आवाज उचलून बाजूस ठेवावा लागतो, आणि तें पोतीं उचलण्यासारखें काम आहे. पाहुण्यांना तें कसें दिसावें? ते आपले एकेक दृष्टान्त काढीत असतात. कोणाच्या मामांना याहून मोठा झटका आला होता, आतां रोज चार मैल चालतात. कोणी कबुतराचें रक्त चोळावयास सांगतो. कोणी राजस्थानांत नागौर जिल्ह्यांतील बुटाटीस नेण्याचा आग्रह धरितो, जेथें लकव्याचे रोगी सात दिवस राहून मंदिराला प्रदक्षिणा घालतात. (बुटाटीच्या गुणावर आमची श्रद्धा नाहीं, तथापि एक गोष्ट कबूल करूं. आपल्यासारखींच वांकडीं झालेलीं शेंकडों माणसें भोंवतालीं पाहून रोग्याला तेथें जो एकटेपणाचा विसर पडतो, तो आमच्या शहरांतील कोणत्या खोलींत पडतो?) पाहुणे निघून जातात. रोगी तीन तास मेल्यासारखा झोंपतो. मग बायकोला सल्ला मिळतो कीं, त्यांना दिवसा झोंपूं देऊं नका, संवय लागेल. अमेरिकेंतील जिल बोल्ट टेलर ही बाई मेंदूचीच अभ्यासक. १९९६ सालीं, वयाच्या ३७ व्या वर्षीं, तिच्या मेंदूंत रक्तस्राव झाला. पूर्ववत् होण्यास तिला आठ वर्षें लागलीं, आणि आपल्या बरें होण्यांत झोपेचा वाटा केवढा मोठा होता हें तिनें आपल्या पुस्तकांत आवर्जून सांगितलें आहे. तिच्या झोपेस कोणी संवय म्हटलें नाहीं, हें तिचें भाग्य.

भीतीचें प्रकरण याहून नाजूक आहे. रात्रीं अंगाखालीं दबलेल्या हाताला मुंग्या आल्या कीं पुन्हां तेंच आलें असें वाटून घाम फुटतो. न्हाणीघरांत एकट्यानें जाण्याची धास्ती, बोलतांना शब्द अडला तर त्याची धास्ती, आणि सगळ्यांत मोठी, झोपेंतच जाऊं अशी. पक्षाघातानंतर सुमारें चारांतील एकाला ही काळजी आजाराच्या पायरीपर्यंत जाऊन छळते. यावर आपलें उत्तर ठरलेलें असतें: "कांहीं होत नाहीं हो! उगीच मनाला लावून घेतां." आम्ही विचारतों, हें उत्तर देणाऱ्यानें हिशेब पाहिला आहे काय?

हिशेब दूर शोधावयास नको. वैनगंगा ओलांडली कीं गडचिरोली जिल्हा लागतो. १९८२ पर्यंत तो आणि चंद्रपूर मिळून एकच जिल्हा होता. तेथें डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनीं स्थापिलेल्या 'सर्च' या संस्थेच्या देखरेखीखालीं कांहीं खेडीं अशीं आहेत कीं, जेथें प्रत्येक जन्म व प्रत्येक मृत्यु नोंदला जातो. अशा ८६ खेड्यांत, सुमारें ९४ हजार वस्तींत, २०११ ते २०१३ या दोन वर्षांत घडलेल्या १५९९ मृत्यूंचीं कारणें डॉ. योगेश्वर कालकोंडे व त्यांचे सहकारी यांनीं तपासलीं व २०१५ सालीं प्रसिद्ध केलीं. अरण्याचा मुलूख, मृत्यु म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें हिंवताप येतो, साप येतो, वाघ येतो. पहिला क्रमांक निघाला पक्षाघाताचा. २२९ माणसें, म्हणजे शेंकडा १४.३. त्यांपैकीं शेंकडा ८७.३ जणांनीं आपल्या घरीं प्राण सोडला, आणि शेंकडा ४६.३ जण लक्षणें दिसल्यापासून पहिल्या महिन्याच्या आंत गेले. ज्याला शहरी श्रीमंतांचा, बैठ्या माणसांचा आजार समजून आपण बसलों होतों, तो मोहाच्या झाडाखालीं अगोदरच जाऊन बसलेला होता.

तेव्हां पहिल्या महिन्यांत ज्याला मरणाची भीति वाटते त्याचा हिशेब चुकलेला नसतो; "कांहीं होत नाहीं" म्हणणाऱ्याचा चुकलेला असतो. रोगी हें ओळखतो. ज्यानें आपल्याला धीर देण्यासाठीं खोटें सांगितलें त्याचें खरेंही मग त्याला पटेनासें होतें, आणि घरांतल्या घरांत तो एकटा पडतो. भीति घालवावयाची असेल तर तिला काम दिलें पाहिजे. झटका पुन्हां येऊं शकतो, हें त्याला सरळ सांगावें. आणि त्याच श्वासांत हेंही सांगावें कीं, रक्तदाब ताब्यांत ठेवला, गोळ्या चुकविल्या नाहींत, तंबाखू सोडली, तर त्याची शक्यता पुष्कळ कमी होते. तोंड एका बाजूस ओढलें गेलें, एक हात उचलेना, बोलणें अडखळलें, यांपैकीं एक जरी चिन्ह एकाएकीं दिसलें तर रात्र असो, पाऊस असो, तत्क्षणीं रुग्णालय गांठावयाचें, कारण गुठळी विरघळविणारें औषध पहिल्या साडेचार तासांतच देतां येतें. आणि दबलेला हात झटकल्यावर जाणाऱ्या मुंग्या म्हणजे तें नव्हे. एवढें ज्याला नेमकें ठाऊक आहे त्याची भीति नाहींशी होत नाहीं, पण तिला कांठ येतात. येथें खर्ऱ्याविषयीं एक शब्द. आमच्या बाजूस खर्रा न खाणारें घर विरळा; आजार होतांच घरचे तो एका दिवसांत बंद करितात, आणि तें योग्यच आहे. परंतु वीस वर्षांची तंबाखू एकाएकीं सुटल्यावर जीवाची जी तगमग होते, झोप उडते, चिडचिड होते, तीही रोगाच्याच भीतींत मिसळून जाते. ही तगमग तंबाखूची आहे व ती कांहीं आठवड्यांत ओसरेल, एवढें सांगण्यास पैसा लागत नाहीं.

आरमोरीच्या पलीकडील एका खेड्यांत आम्हीं एक शेतकरीण पाहिली. वय पन्नाशीच्या आसपास. तिला झटका आला तो धानाच्या रोवण्याच्या दिवसांत, चिखलांत वांकलेली असतांना. आम्ही गेलों तेव्हां सहा आठवडे झाले होते. ती चालत होती, पण भाताचें भांडें चुलीवरून उतरवून ठेवलें कीं भिंतीला टेकून बसत होती. तिची भीति गुरुजींच्या भीतीहून वेगळी. मरणाविषयीं ती फारसें बोलली नाहीं. पुढल्या वर्षीं रोवण्याला कोण जाईल, उन्हाळ्यांत तेंदूपत्त्याचीं पुडकीं कोण बांधील, सून किती दिवस सोसील, हें ती बोलत होती. तिच्या घरीं कोणी इच्छाशक्तीचें नांव काढलें नव्हतें; तेथें त्याच औषधाला "कामाला लाग म्हणजे बरी होशील" असें म्हणत. गांवचा पुजारी येऊन गेला होता. त्याच्या उताऱ्यानें हात सुधारला असें आम्ही म्हणणार नाहीं, आणि त्याच्या नादांत रुग्णालयाचा वेळ दवडणें हा घात आहे हें आम्ही ठासून सांगतों. पण तो तिच्या खाटेपाशीं एक अख्खी रात्र बसला होता, एवढें तिनें दोनदां सांगितलें.

आमच्यावर एक आक्षेप येईल, तो आम्हांस ऐकूं येतोच आहे. तुमच्या म्हणण्यानें माणसें खाटेला खिळतील. न हलवलेला हात कायमचा आंखडेल. हा आक्षेप खरा आहे व हालचालीवांचून सुधारणा नाहीं, हें आम्हांस पूर्ण मान्य आहे. प्रश्न हालचाल करावी कीं नाहीं हा नसून ती कोणत्या मापानें करावी हा आहे. पांच देशांतील ५६ रुग्णालयांत २१०४ रोग्यांवर झालेला एक मोठा प्रयोग २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. रोग्याला पहिल्या २४ तासांतच उठवून वारंवार व अधिक वेळ हालचाल करावयास लावली तर तो अधिक सुधारेल, अशी अपेक्षा होती. निकाल उलटा लागला: नेहमींच्या उपचारांत निम्मे रोगी तीन महिन्यांनीं चांगल्या स्थितींत होते, तर घाईनें व जोरानें उठविलेल्यांत शेंकडा ४६. पुढें त्याच आंकड्यांची फोड केली तेव्हां थोडा थोडा वेळ पण अनेकदां केलेली हालचाल हितकर दिसली, एका दमांत लांबविलेली नव्हे. अंगणांतील पंधरा फेऱ्यांच्या वहीला याहून चांगलें उत्तर आम्हांजवळ नाहीं. पांच फेऱ्या सकाळीं, पडून राहणें, पांच दुपार उलटल्यावर, पडून राहणें, मग पांच. बेरीज तीच होते. गळून जाईपर्यंत थांबावयाचें नाहीं, तर गळण्याच्या आधीं थांबावयाचें. आंघोळ आणि पाहुणे एकाच सकाळीं घ्यावयाचे नाहींत. आणि आज जमलें तें उद्यां जमेलच, असें धरून चालावयाचें नाहीं. चांगल्या दिवशीं दुप्पट काम करून पुढले दोन दिवस अंथरुणांत घालविणारे रोगी घरोघर आहेत.

दुसरा आक्षेप थोरांच्या उदाहरणांचा. लुई पाश्चर यास १८६८ सालीं, वयाच्या ४५ व्या वर्षीं, पक्षाघात झाला. डावी बाजू पुरती कधींच सुधारली नाहीं. तरी पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरील लस त्यानें १८८५ सालीं माणसाला दिली. मग तुमचा बाबा कां रडतो? पाश्चरचें नांव घेणाऱ्यांनीं दोन गोष्टी वगळलेल्या असतात. एक, मधल्या सतरा वर्षांची संख्या. दुसरी, त्याच्या भोंवतालचीं माणसें: पत्नी मारी ही त्याची जन्माची लेखनिक होती, आणि जे प्रयोग त्याचा डावा हात करूं शकत नव्हता ते करणारे सहाय्यकांचे हात प्रयोगशाळेंत हजर होते. पाश्चरजवळ इच्छाशक्ति नव्हती असें कोण म्हणेल? पण तिच्या पायांखालीं इतरांचे खांदे होते. चरित्रकारांनीं खांदे गाळले आणि आपण उरलेलें औषध म्हणून वाटीत सुटलों.

हाच दोष आपल्या आजारपणाच्या वाङ्मयाचा आहे. डॉ. अभय बंग यांचें 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हें पुस्तक मराठी घरांत मनःपूर्वक वाचलें गेलें, आणि तें त्या योग्यतेचें आहे. परंतु त्याच्या मागोमाग जी रांग लागली तिनें एक भेद पाहिला नाहीं. हृदयाच्या रोग्याला आपल्या आयुष्याची फेरमांडणी करावयाची असते, तेव्हां ती करणारें त्याचें डोकें शाबूत असतें. पक्षाघाताच्या रोग्यानें तोच साक्षात्कार तिसऱ्या आठवड्यांत करून दाखवावा, अशी अपेक्षा ठेवणें म्हणजे आंधळ्याला वाटाड्या होण्यास सांगणें होय. शिवाय जे लिहितात ते लिहिण्याइतके बरे झालेले असतात. जे झाले नाहींत त्यांचे लेख कोणत्याही संपादकाकडे येत नाहींत. आम्हां मासिकवाल्यांना हें समजावयास हवें होतें, आणि विजयकथा छापण्यांत आम्हीही मागें राहिलेलों नाहीं, हें मान्य करून पुढें जातों.

मग सारा भार घरच्यांवर टाकावा काय? तसें म्हणण्याचा मोह आम्हांसही झाला होता. आणि येथें आमच्या मोहाविरुद्ध जाणारा पुरावा लपविणें अप्रामाणिकपणाचें होईल. भारतांतीलच १४ रुग्णालयांत १२५० रोग्यांवर असा प्रयोग झाला कीं, घरच्या एका माणसाला व्यायाम व शुश्रूषा शिकवून त्याच्याकडून घरीं उपचार करवावे. २०१७ सालीं निकाल आला. सहा महिन्यांनीं मेलेल्या वा परावलंबी राहिलेल्या रोग्यांचें प्रमाण दोन्ही बाजूंस सारखेंच, शेंकडा ४७. कांहींजणांनीं यावरून असें काढलें कीं, घरचे उपचार निरुपयोगी. आम्ही असें काढतों कीं, आधींच वांकलेल्या सुनेच्या हातीं आणखी एक कागद दिल्यानें रुग्णालयाचें काम पुरें होत नाहीं. घरच्या माणसाला स्वतःलाच भीति वाटत असते, त्यालाच झोप नसते. तो शुश्रूषा करील, पण आपल्याच भीतीनें रोग्याला हांकीलही. अंगणांतील वही हें त्या भीतीचेंच पिलूं होतें. बाहेरून येणारें, शिकलेलें, पगार घेणारें आणि न घाबरणारें माणूस त्या घराला पाहिजे, व तें ठरल्या दिवशीं आलें पाहिजे.

हें स्वप्नरंजन नव्हे, कारण असें माणूस याच मुलुखानें एकदां घडवून दाखविलें आहे. गडचिरोलीच्या ३९ खेड्यांत 'सर्च'नें गांवच्याच स्त्रियांना शिकवून नवजात बालकांची देखभाल त्यांच्या घरीं करविली. शिकलेले डॉक्टर हंसले असतील. घरांत, चुलीच्या धुरांत, अर्भकाचा जंतुदोष खेडवळ बाई ओळखणार! १९९९ सालीं निकाल प्रसिद्ध झाला: शेजारच्या खेड्यांच्या तुलनेनें नवजात मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ६२ नीं उतरलें होतें. पुढें ती रीत देशानें उचलली. आज आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरीं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशीं जाते. घरींच बाळंतपण झालें असेल तर पहिल्या दिवशींही. काय पाहावयाचें, काय विचारावयाचें, केव्हां रुग्णालयांत पाठवावयाचें, हें सारें तिला नेमून दिलेलें आहे. बाळाच्या पहिल्या महिन्यांत मृत्यु दाराशीं उभा असतो, हें मान्य करून ही व्यवस्था झाली. बाळाच्या आईला कोणीं इच्छाशक्ति वाढवावयास सांगितलें नाहीं.

लकव्याच्या रोग्याचा पहिला महिना याहून कमी धोक्याचा आहे काय? वर दिलेले आंकडे त्याच जिल्ह्याचे आहेत. मग त्याच्यासाठीं असे सहा दिवस नेमण्यास काय आड येतें? प्रत्येक खेपेस रक्तदाब मोजावा, गोळ्या मोजाव्या, गिळतांना ठसका लागतो कीं काय तें पाहावें, झोप कशी आहे, कशाची भीति वाटते, किती वेळांत थकवा येतो हें विचारावें, आणि घरच्यांना बाजूस घेऊन सांगावें कीं हा आळस नव्हे. आशांच्या डोक्यावर आधींच कामांचे ढीग आहेत व त्यांचा मोबदला तुटपुंजा आहे, हें आम्हांस ठाऊक आहे. नव्या खेपांचा नवा मोबदला त्यांना मिळाला पाहिजे. सत्कारांच्या शालींचा खर्च कोठून निघतो तें ज्यांना समजतें, त्यांना हाही निघण्याजोगा आहे.

आरमोरीकडील त्या बाईच्या शेजारीं, कुडापलीकडल्या घरांत, आम्ही गेलों त्या दिवशीं बाराव्या-पंधराव्या दिवसाचें मूल होतें. आशाताई आली, पिशवींतून तराजू काढला, बाळाचें वजन केलें, अंग तपासलें, आईशीं अर्धा तास बोलली व वहींत लिहून निघाली. भिंतीला टेकलेली ही बाई तें सगळें पाहत होती. ताई आतां पुन्हां कधीं येणार, असें तिनें विचारलें. बाळ एकवीस दिवसांचें झालें म्हणजे, असें शेजारणीनें सांगितलें. त्यावर ती म्हणाली, "मग तेव्हांच मीही विचारून घेतों माझं." आणि चुलीवरचें भात उतरावयास उठली.